'स्पेशल्स': नाचायला लावणाऱ्या गाण्यांत एवढी भीती कुठून आली?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये दंगली झाल्या, आश्रयाला आलेल्या लोकांना ठेवलं होतं त्या हॉटेलांवर जमाव चालून गेला, आणि मग २०२५ च्या सप्टेंबरमध्ये लंडनमध्ये बाहेरून आलेल्यांच्या विरोधात लाखाहून जास्त लोकांचा मोर्चा निघाला. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे शिकायला नाहीतर नोकरीला आहेत, त्यामुळे अशा बातम्या आपण जरा जास्तच लक्ष देऊन वाचतो, आणि मग घरात कोणीतरी विचारतंच की हे असं तिकडे आत्ताच सुरू झालं का.

तर हे आधीही झालंय, आणि ते कसं होतं हे समजून घ्यायला मी लोकांना एखादं जाडजूड पुस्तक सुचवत नाही, एक अल्बम ऐका म्हणते. द स्पेशल्स या बॅन्डचा पहिला अल्बम, नाव नुसतं 'स्पेशल्स', १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला, चौदा गाण्यांचा. मला हा अल्बम मनापासून आवडतो, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याची अडचण पण मला माहितीये: गाणी ऐकायला एकदम मजेशीर, पाय आपोआप हलायला लागतात, आणि शब्द ऐकायला गेलं तर मारामारी, बेकारी, रात्री घरी जाताना वाटणारी भीती. हे असं का, ते जमेल तितकं सोपं करून सांगते.

आधी स्का म्हणजे काय ते

स्का हा जमैकाचा संगीतप्रकार, १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि ६० च्या सुरुवातीला किंग्स्टन शहरात तयार झालेला. तिथे रेडिओवर अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरची स्टेशनं लागायची, न्यू ऑर्लिन्सचं रिदम अँड ब्लूज ऐकू यायचं, आणि मोठाले स्पीकर रस्त्यावर लावून लोकांना नाचवणारे साउंड सिस्टिमवाले होते. पुढे हेच लोक स्वतःची गाणी रेकॉर्ड करायला लागले, आणि वाजवणाऱ्यांनी अमेरिकन ठेक्यातली एक गोष्ट उचलून ती भलतीच ठळक केली.

ती गोष्ट म्हणजे ऑफबीट. आरतीच्या वेळी आपण सगळे ठेक्यावर टाळी वाजवतो, बरोबर? आता कल्पना करा की सगळ्यांच्या टाळ्या ठेक्यावर पडतायत आणि एकच माणूस अगदी न चुकता दोन टाळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत टाळी देतोय. स्कामध्ये गिटार आणि पियानो तो माणूस असतात. टाळीची जागा सोडून मधे 'चक', परत मधे 'चक'. शरीराला ठेक्यावर काहीतरी हवं असतं आणि ते मिळतं अर्ध्या क्षणानंतर, म्हणून माणूस उडी मारल्यासारखा नाचतो. त्यावर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन अशी फुंकायची वाद्यं, आणि खाली चालत राहणारा बेस. झाला स्का.

६ ऑगस्ट १९६२ ला जमैका स्वतंत्र झाला आणि त्या वर्षांत स्का हे तिथलं स्वतःचं असं संगीत होतं. नंतर साधारण १९६६ पासून त्याचा वेग कमी झाला, त्याला रॉकस्टेडी म्हणाले, आणि १९६८ च्या आसपास त्यातूनच रेगे आलं. आपल्याकडे बहुतेकांना फक्त रेगे माहिती असतं आणि मग वाटतं की स्का हा रेगेचाच कसलातरी उपप्रकार असेल. वयाने स्का मोठा आहे.

जमैकाचं संगीत इंग्लंडच्या मोटारींच्या गावात कसं पोचलं

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार कमी पडत होते. १९४८ मध्ये विंडरश नावाचं जहाज कॅरिबियनमधून लोकांना घेऊन आलं आणि मग पुढची दीडएक दशकं लोक येतच राहिले, जमैकातून, पंजाबातून, गुजरातेतून, पाकिस्तानातून. बरोबर त्यांची गाणी पण आली. लंडनमध्ये जमैकन रेकॉर्डची दुकानं निघाली, ब्लू बीट नावाचं लेबल स्काच्या रेकॉर्ड काढायला लागलं, आणि १९६४ मध्ये मिली स्मॉल या जमैकन मुलीचं एक स्का गाणं ब्रिटिश चार्टवर, म्हणजे खपाच्या यादीत, दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं.

कोव्हेंट्री हे इंग्लंडच्या मधोमध असलेलं शहर. १९४० च्या नोव्हेंबरमध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात गावाचा मधला भाग पार गेला होता, जुनं कॅथेड्रल जळालं, त्यामुळे युद्धानंतर सगळं नव्याने आणि काँक्रीटमध्ये बांधलं. आणि काम भरपूर होतं: जॅग्वार, ट्रायम्फ, ट्रॅक्टर, विमानांची इंजिनं. म्हणून सगळीकडून माणसं आली. (जॅग्वार लँड रोव्हरचं मुख्य ऑफिस आजही कोव्हेंट्रीतच व्हिटलीला आहे आणि २००८ पासून मालक आपले टाटा.) पण १९७० चं दशक संपता संपता हे सगळं घसरायला लागलं, कारखान्यांतली माणसं कमी व्हायला लागली, कॅनलीच्या ट्रायम्फच्या कारखान्यातली गाड्यांची जोडणी १९८० मध्ये बंद झाली.

काम गेलं की दोष कोणाला द्यायचा हे ठरवणारे लोक लगेच हजर होतात. नॅशनल फ्रंट नावाचा पक्ष बाहेरून आलेल्यांना हाकला म्हणत रस्त्यावर मोर्चे काढत होता. १९७६ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्याच बर्मिंगहॅममध्ये एरिक क्लॅप्टन स्टेजवरून परदेशी लोकांना बाहेर काढा अशा अर्थाचं बोलला, म्हणजे ज्या माणसाचं अख्खं करिअर काळ्या लोकांच्या ब्लूजवर उभं होतं तो. त्यावरून लोक इतके चिडले की रॉक अगेन्स्ट रेसिझम ही चळवळ उभी राहिली.

बॅन्डमध्ये कोण होतं

सात जण. जेरी डॅमर्स कीबोर्डवर, बहुतेक कल्पना त्याच्या. हा एका पाद्र्याचा मुलगा आणि याचा जन्म १९५५ चा, आपल्या उटीचा! कोव्हेंट्रीच्या लँचेस्टर पॉलिटेक्निकमध्ये त्याला बेस वाजवणारा होरेस पँटर भेटला. ते पॉलिटेक्निक म्हणजेच आजची कोव्हेंट्री युनिव्हर्सिटी, जिथे आपल्याकडची पण पोरं शिकायला जातात. लिनव्हल गोल्डिंग आणि नेव्हिल स्टेपल दोघं जमैकात जन्मलेले, लहानपणी इंग्लंडला आलेले. टेरी हॉल गायक, कोव्हेंट्रीचाच, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. रॉडी बायर्स गिटारवर, पंक (म्हणजे तेव्हाचं वेगवान, रागीट, मुद्दाम ओबडधोबड रॉक) आणि जुनं रॉक अँड रोल आवडणारा. ड्रमवर जॉन ब्रॅडबरी, सोल संगीतात मुरलेला.

सुरुवातीला हे लोक थोडा वेळ पंक आणि थोडा वेळ रेगे असं वाजवायचे आणि लोकांची पंचाईत व्हायची, कारण पंक एकदम सुसाट आणि रेगे निवांत, एकावर उड्या मारणारे दुसऱ्यावर उभे राहायचे. मग डॅमर्सच्या डोक्यात आलं की रेगेच्या मागे जाऊ, स्का घेऊ. स्काचा वेग पंकच्या जवळ जातो, त्यामुळे दोन्ही एकाच गाण्यात बसतात. मला वाटतं अल्बमचं खरं गुपित हेच आहे. १९७८ मध्ये त्यांना द क्लॅश या गाजलेल्या पंक बॅन्डबरोबर दौऱ्यावर जायला मिळालं आणि तिथे त्यांनी नाझी सलाम ठोकणारे स्किनहेड स्टेजवर चढताना पाहिले. स्किनहेड म्हणजे डोकं भादरलेली, जाड बुटं घातलेली कामगार वस्तीतली पोरं, आणि वाईट याचं वाटतं की १९६९ च्या आसपासचे पहिले स्किनहेड जमैकन गाण्यांवर नाचणारे होते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना नंतर नॅशनल फ्रंटवाल्यांनी आपल्याकडे ओढलं. त्या पोरांना त्यांचंच जुनं संगीत परत ऐकवायचं असा डॅमर्सचा विचार होता.

१९७९ मध्ये त्याने टू टोन नावाचं लेबल काढलं, मागे पैसा क्रिसॅलिस या मोठ्या कंपनीचा. काळे-पांढरे चौकोन आणि सूट-टोपीतला एक माणूस असं चिन्ह, आणि तो माणूस जमैकाचा रेगे गायक पीटर टॉश याच्या एका जुन्या फोटोवरून काढलेला. याच लेबलवर मॅडनेस, द सिलेक्टर, द बीट असे बॅन्ड पुढे आले, आणि एक सिंगल, म्हणजे एखाद्या गाण्याची सुटी रेकॉर्ड, काढलं की हवं तर सोडून जा अशी मुभा होती, मॅडनेस गेलेच. १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये बीबीसीच्या टॉप ऑफ द पॉप्सच्या एकाच भागात स्पेशल्स, सिलेक्टर आणि मॅडनेस तिघंही होते. ज्या घरात रात्रीच्या जेवणाच्या वेळी टीव्ही चालू असेल त्या घरात काळी-गोरी पोरं एकत्र वाजवताना दिसली, कुणी भाषण न करता.

अल्बममध्ये नक्की ऐकायचं काय

प्रोड्यूसर म्हणजे स्टुडिओत रेकॉर्डिंग कसं व्हावं हे ठरवणारा माणूस, आणि इथे तो होता एल्विस कॉस्टेलो, स्वतः तेव्हाचा गाजलेला गायक. लंडनच्या फुलममधल्या टीडब्ल्यू स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. त्याने फार चकचकीत काही केलं नाही, बॅन्ड स्टेजवर जसा वाजतो तसा पकडायचा प्रयत्न केला. काही जणांना त्यामुळे आवाज पातळ वाटतो, आणि हेडफोनवर मोठ्या आवाजात ऐकलं तर त्यांचं म्हणणं थोडं पटतं पण. पण मला तो कच्चेपणा हवा आहे, कारण या गाण्यांत गुळगुळीत काही नाहीच.

दोन गिटार वेगवेगळ्या ऐकायचा प्रयत्न करा. लिनव्हल गोल्डिंग ऑफबीटवर 'चक चक' करत राहतो, तो जमैका. रॉडी बायर्स त्याच्या वरून धारदार, ओरडल्यासारखी गिटार वाजवतो, ते पंक. दोघं एकमेकांच्या जागेत घुसत नाहीत आणि एकमेकांसाठी गप्प पण बसत नाहीत. एकदा हे कानाला कळलं की मग अख्खा अल्बम उलगडतो, खरंच सांगते.

सुरुवात 'अ मेसेज टू यू, रूडी' पासून होते. मूळ गाणं डँडी लिव्हिंगस्टोनचं, १९६७ चं. त्यातला रूडी म्हणजे रूड बॉय, किंग्स्टनच्या गल्ल्यांतला झकपक कपडे घालणारा बेकार पोरगा, आणि गाणं त्याला समजावतं की बाबा रे सुधार, नाहीतर आत जाशील. तेच गाणं १९७९ मध्ये कोव्हेंट्रीत गायलं की एकही अर्थ न बदलता ते त्या गावच्या पोरांचं होतं, काळ्यांचंही, गोऱ्यांचंही. आणि त्यावर जो ट्रॉम्बोन आहे तो रिको रॉड्रिग्जचा. रिको किंग्स्टनच्या आल्फा शाळेत शिकलेला, ती कॅथलिक नन्स चालवायच्या आणि गरीब घरच्या मुलांना तिथे वाद्यं शिकवायचे, जमैकाचे कितीतरी वादक तिथूनच निघाले. १९६१ मध्ये तो इंग्लंडला आला. १९६७ च्या मूळ रेकॉर्डवर ट्रॉम्बोन वाजवणारा हाच रिको, आणि बारा वर्षांनी त्याच गाण्यावर परत तोच. सोबत डिक कथेल फ्लूगेलहॉर्न वाजवतो, ट्रम्पेटपेक्षा जरा मऊ आवाजाचं वाद्य.

'काँक्रीट जंगल' रॉडी बायर्सचं. बॉम्बनंतर बांधलेल्या त्या सिमेंटच्या गावात रात्री एकटं चालणाऱ्या माणसाची भीती आहे त्यात, आणि वेग असा की गाणारा पळतोय असंच वाटतं. 'नाइट क्लब' मध्ये कामधंदा नसलेला पोरगा क्लबात जाऊन स्वतःवरच वैतागतो, मागे क्रिसी हाइंड या रॉक गायिकेचा आवाज आहे. 'डझन्ट मेक इट ऑलराइट' एवढं एकच गाणं सरळ सांगतं की कुणाला त्याच्या रंगावरून मारणं चूक आहे, आणि ते सांगताना आवाज चढत नाही, जवळजवळ विनवणी आहे. मला विचाराल तर अल्बममधलं सगळ्यात धाडसी गाणं तेच, कारण ते समोर उभ्या असलेल्या स्किनहेडलाच उद्देशून आहे आणि त्याला शिवी देत नाही.

म्हणजे दुसऱ्यांचीच गाणी ढापली ना?

हा प्रश्न येतोच आणि रास्त आहे. चौदातली बरीच गाणी जुनी: 'मंकी मॅन' टूट्स अँड द मेटल्सचं, 'टू हॉट' जमैकाचा स्का गायक प्रिन्स बस्टर याचं, शेवटचं 'यू आर वंडरिंग नाऊ' पण साठच्या दशकातलं जमैकन, 'डू द डॉग' अमेरिकेच्या रूफस थॉमसवरून. 'टू मच टू यंग' हे लॉइड चार्मर्सच्या एका गाण्याच्या पायावर उभं आहे.

पण इथे दोन गोष्टी बघायला हव्यात. एक तर जमैकन संगीतात दुसऱ्याच्या ठेक्यावर आपले शब्द बसवणं ही पद्धतच आहे, तिथले गायक एकमेकांना असंच उत्तर द्यायचे, आणि 'स्टुपिड मॅरेज' मध्ये नेव्हिल स्टेपल न्यायाधीश बनून शिक्षा सुनावतो ती कल्पना प्रिन्स बस्टरच्या न्यायाधीशाच्या गाण्यांना केलेला नमस्कारच आहे. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: बॅन्डमध्ये जमैकात जन्मलेले दोघं आहेत आणि मूळ रेकॉर्डवर वाजवणारा रिको स्वतः स्टुडिओत आलाय. गोऱ्या पोरांनी लांबून नक्कल केली असं हे प्रकरण नाही. तरीही जुन्या जमैकन कलाकारांना साठच्या दशकात कामाचे पैसे नीट मिळाले नाहीत हे खरंच आहे आणि टू टोनच्या यशाने ते भरून आलं असं मी म्हणणार नाही.

मुलींबद्दल हे काय बोलतात?

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. 'टू मच टू यंग' मध्ये लहान वयात आई झालेल्या मुलीला गाणारा टोमणे मारतो, तिने आयुष्य वाया घालवलं म्हणून, आणि 'लिटल बिच' चं तर नावच बघा, डॅमर्सने ते शाळकरी वयात लिहिलं होतं आणि ते कळतं. ज्या अल्बमला रंगावरून होणारा अन्याय एवढा स्वच्छ दिसतो त्याला हे दिसलं नाही. 'टू मच टू यंग' ची स्टेजवर रेकॉर्ड केलेली आवृत्ती १९८० च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर पण गेली. मुलींची बाजू ऐकायची तर टू टोनच्याच सिलेक्टरची पॉलिन ब्लॅक ऐका, नाहीतर द बॉडीस्नॅचर्स, तो सगळ्या मुलींचा बॅन्ड होता.

मग याने काही फरक पडला का?

अल्बम चार्टवर चौथ्या नंबरापर्यंत गेला, गाणी घराघरात पोचली, आणि तरीही कार्यक्रमांत मारामाऱ्या होत राहिल्या. नॅशनल फ्रंटची पोरं पण यायची, नाचायची, आणि मग कुणाला तरी धरायची. १९८० मध्ये लंडनमध्ये खुद्द लिनव्हल गोल्डिंगवर वर्णद्वेषी हल्ला झाला, त्यावर त्याने 'व्हाय?' हे गाणं लिहिलं. १९८१ च्या एप्रिलमध्ये कोव्हेंट्रीत भर गावात एका वीस वर्षांच्या शीख विद्यार्थ्याचा खून झाला. स्पेशल्सनी जूनमध्ये त्याच शहरात, बट्स स्टेडियममध्ये वर्णद्वेषाविरोधात कार्यक्रम केला. त्याच महिन्यात 'घोस्ट टाउन' हे सिंगल आलं, ओस पडलेल्या गावाबद्दल, आणि जुलैमध्ये लिव्हरपूलच्या टॉक्सटेथसकट देशभर दंगली पेटल्या असताना ते तीन आठवडे पहिल्या नंबरावर होतं. त्यानंतर लगेच टेरी हॉल, स्टेपल आणि गोल्डिंग बॅन्ड सोडून गेले.

त्यामुळे गाण्यांनी द्वेष संपला असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. पण उलट बाजूचं 'गाण्यांनी काय होतंय' हे पण मला पटत नाही. नॅशनल फ्रंट तरुण पोरांना सांगत होता की तुमच्या बाजूला राहणारा जमैकन तुमच्यापेक्षा वेगळा आहे, आणि त्याच पोरांच्या आवडत्या बॅन्डमध्ये तो जमैकन गात होता, त्याच्यासारखा सूट घालायला पोरं धडपडत होती. एखाद्या पक्षाला हे पत्रकं वाटून जमत नाही. डॅमर्स पुढे थांबला नाही, १९८४ मध्ये त्याने 'फ्री नेल्सन मंडेला' लिहिलं, आणि तेव्हा ज्या कितीतरी ब्रिटिश पोरांना मंडेला कोण हे माहिती नव्हतं त्यांना ते नाव त्या गाण्यातून कळलं.

२०१९ मध्ये टेरी हॉल, गोल्डिंग आणि पँटर यांनी 'एन्कोर' नावाचा नवा अल्बम काढला आणि तो ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेला, पहिल्या अल्बमला पण जे जमलं नव्हतं ते चाळीस वर्षांनी झालं. १८ डिसेंबर २०२२ ला टेरी हॉल गेला, ६३ वर्षांचा होता. ब्रॅडबरी आणि रिको दोघंही २०१५ मध्येच गेले होते.

ऐकायला कुठून सुरुवात करायची

'काँक्रीट जंगल' नको, ते आधी ऐकलं तर नुसता गोंगाट वाटू शकतो. आधी डँडी लिव्हिंगस्टोनचं १९६७ चं 'रूडी, अ मेसेज टू यू' लावा, लगेच त्याच्यामागे स्पेशल्सचं. दोन्हीत ट्रॉम्बोनकडे लक्ष द्या. मग 'टू हॉट', मग 'डझन्ट मेक इट ऑलराइट', आणि मग एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने, जमलं तर शब्द समोर ठेवून. काही जुन्या अमेरिकन आवृत्त्यांत 'गँगस्टर्स' पण घातलेलं आहे, मूळ ब्रिटिश अल्बममध्ये ते नव्हतं, ते बॅन्डचं पहिलं सिंगल होतं, प्रिन्स बस्टरच्या 'अल कपोन' वर बेतलेलं. ते पण ऐकाच, पण अल्बम संपल्यावर.